सिगारेटच्या पाकिटातील रेशमी निशाणे : प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत, मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या देशांत, सिगारेटच्या पाकिटाबरोबर छापील किंवा विणलेल्या कापडाचा एक लहानसा तुकडा भेट म्हणून देण्याची प्रथा होती. संग्राहकांच्या बोलीत त्याला ‘सिल्क’ म्हणतात. त्यावर फुले, पक्षी, फुलपाखरे, नट्या, खेळाडू, सेनापती असे नाना विषय आढळत असले, तरी राष्ट्रांचे ध्वज आणि शहरांची, घराण्यांची, पलटणींची व विद्यापीठांची मानचिन्हे हा या तुकड्यांचा सर्वांत विपुल आणि अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध असा वर्ग आहे, आणि प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्याच वर्गापुरते मर्यादित आहे.

‘सिल्क’ हे नाव मात्र सावधपणे वापरावे लागते. काही तुकडे खरोखर रेशमाचे असले तरी पुष्कळसे सुती सॅटिनचे असतात. सॅटिन म्हणजे एकाच दिशेचे धागे पृष्ठभागावर लांबवर मोकळे राहतील अशा रीतीने विणलेले, एका अंगाने चकाकणारे आणि दुसऱ्या अंगाने निस्तेज असे कापड. ध्वजांचे कित्येक तुकडे तर साध्या सुती कापडावर छापलेले आहेत, आणि अमेरिकेत ज्यांना ‘फ्लॅनेल’ किंवा ‘ब्लँकेट’ म्हणतात ते जाड, लोकरीसारखे भासणारे तुकडेही बहुधा सुतीच असतात. तरीही सगळ्यांना मिळून रेशमाचेच नाव पडले, आणि त्यात केवळ व्यापाऱ्यांची चलाखी पाहणे अन्यायाचे ठरेल. कारण ज्या घरांत हे तुकडे पोचले तेथे रेशमाची झळाळी हीच त्यांची खरी किंमत होती.

सिगारेट-कार्ड आणि सिगारेट-सिल्क यांची गणना संग्राहकांच्या सूचींत नेहमी शेजारीशेजारी होते. दोघांचा उगम एकाच व्यापारात असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. परंतु कार्ड पाहण्यासाठी, वाचण्यासाठी आणि वहीत लावण्यासाठी होते, तर कापडाचा तुकडा शिवण्यासाठी होता. हा फरक वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात या विषयातील जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे, म्हणजे तुकडा कोणासाठी छापला गेला, कसा टिकला, आणि आज त्याची प्रत कशी ठरवावी या सर्वांचे, उत्तर या एका फरकाशी येऊन थांबते.

या प्रथेची पार्श्वभूमी यंत्राची आहे. जेम्स बॉन्सॅक या अमेरिकी तरुणाच्या सिगारेट वळण्याच्या यंत्राला १८८१ साली पेटंट मिळाले, आणि दिवसाकाठी एक लाखाहून अधिक सिगारेटी एका यंत्रातून बाहेर पडू लागल्यावर माल तयार करणे सोपे व खपवणे अवघड झाले. एका कारखान्याची सिगारेट दुसऱ्या कारखान्याच्या सिगारेटीपासून चवीने ओळखणे सामान्य ग्राहकाला कठीण असल्याने पाकिटाबरोबर काय मिळते यावर स्पर्धा सुरू झाली. नरम कागदी पाकीट चेपू नये म्हणून आत घातलेल्या जाड कागदाच्या पट्टीवर चित्र छापण्याची कल्पना याच काळात रुजली, आणि व्हर्जिनियातील रिचमंड येथील ‘ॲलन अँड जिंटर’ या कंपनीच्या चित्रमालिकांनी तिला मोठी लोकप्रियता मिळवून दिली. पुढे १८९० साली जेम्स ड्यूक याने प्रमुख कंपन्या एकत्र करून ‘अमेरिकन टोबॅको कंपनी’ उभारली. तिने ब्रिटनमध्ये पाय रोवताच तेथील तेरा कंपन्यांनी १९०१ मध्ये ‘इंपीरियल टोबॅको’ ही संस्था स्थापून प्रतिकार केला, आणि १९०२ मध्ये दोघांनी तह करून उरलेल्या जगाच्या बाजारपेठेसाठी ‘ब्रिटिश अमेरिकन टोबॅको’ ही संयुक्त कंपनी काढली. कलकत्त्यात १९१० साली स्थापन झालेली ‘इंपीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया’, म्हणजे आजची आयटीसी, ही याच विस्ताराची शाखा होय.

कापडाची भेट या स्पर्धेत तुलनेने उशिरा, साधारणतः १९१० च्या आसपास आली आणि तिने लक्ष्य वेगळे निवडले. सिगारेट ओढणारा पुरुष होता. त्या काळच्या प्रतिष्ठित घरांत स्त्रियांनी सिगारेट ओढणे निषिद्ध मानले जाई. मात्र कोणत्या छापाची सिगारेट घरी आणायची, यावर घरातील स्त्रीचा शब्द चालावा, अशी सोय कापडाच्या तुकड्याने केली. सिगारांच्या जुड्या ज्या पिवळ्या रेशमी फितींनी बांधून येत, त्या जपून ठेवून त्यांच्या रजया आणि उशांचे अभ्रे शिवण्याची रीत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच पडली होती. वेडेवाकडे तुकडे जोडून, प्रत्येक जोडावर रंगीत धाग्याचे शोभेचे टाके घालून तयार होणाऱ्या ‘क्रेझी क्विल्ट’ या गोधडीची तर १८८० च्या दशकात लाटच आली होती. कारखानदारांनी ही हौस नव्याने निर्माण केली नाही. घराघरांत चालू असलेल्या कामाला त्यांनी कच्चा माल पुरवला. मराठी वाचकाला गोधडी किंवा वाकळ म्हटल्यावर जुन्या लुगड्यांची, वापरून मऊ झालेली ऊब आठवते. येथे मात्र तुकडे कोरे असत, आणि जमवायचे असत ते एकेका पाकिटागणिक. ‘नेबो’, ‘झीरा’, ‘टोकिओ’, ‘मोगल’, ‘इजिप्शियेन लक्झरी’ अशी, तुर्की तंबाखूला शोभावीत म्हणून पूर्वेकडची वाटतील अशी, नावे धारण करणाऱ्या सिगारेटींबरोबर हे तुकडे येत.

ब्रिटनमध्ये या क्षेत्रात एका कंपनीचे नाव इतरांहून फार पुढे आहे. लंडनच्या ‘गॉडफ्रे फिलिप्स’ने आपल्या ‘बीडीव्ही’ या सिगारेटीबरोबर ध्वज, पलटणींची चिन्हे, शहरांची मानचिन्हे, स्कॉटिश कुळांचे चौकडीचे कापड, फुटबॉल संघांचे रंग, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे वीर अशा असंख्य मालिका काढल्या; आकार, अनुक्रमांक आणि सिगारेटीच्या नावाच्या अक्षरांचा रंग यांतील बारीकसारीक फरकांमुळे या मालिकांचे वर्गीकरण हा आजही संग्राहकांच्या चिकाटीची परीक्षा पाहणारा विषय आहे. कित्येक तुकड्यांवर तर कंपनीचे नावच नसते, आणि अशांना ‘निनावी’ म्हणून नोंदवले जाते. याच कंपनीच्या नावाची भारतीय शाखा १९३६ साली स्थापन झाली आणि तिचा मुंबईशी दीर्घकाळ संबंध राहिला, एवढी नोंद येथे पुरेशी आहे.

तंत्राच्या दृष्टीने या तुकड्यांचे दोन वर्ग पडतात : छापलेले आणि विणलेले. छापलेल्या तुकड्यांसाठी बहुधा शिळाछापाची, म्हणजे लिथोग्राफीची, पद्धत वापरली जाई. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड किंवा पत्रा घेऊन एकावर एक छाप उमटवायचे आणि सर्व छाप अचूक जुळवायचे, हे तिचे सूत्र. महाराष्ट्रात १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेल्या रविवर्मा छापखान्यातील देवादिकांची चित्रे ज्या तंत्राने घरोघर पोचली, तेच हे तंत्र. कापड कागदापेक्षा ताणले जाते, एवढीच अडचण येथे अधिक. त्यामुळे भिंग लावून पाहिले असता कित्येक ध्वजांत तांबड्या पट्ट्याची कड निळ्यावर केसभर चढलेली किंवा दोहोंमध्ये पांढरी रेघ सुटलेली दिसते.

विणलेल्या तुकड्यांत चित्र कापडावर नसते, कापडातच असते. ल्यों येथील जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास तयार केलेल्या मागात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेने प्रत्येक ताण्याचा धागा स्वतंत्रपणे उचलता येतो, आणि म्हणून अंगठ्याएवढ्या जागेतही पाकळीची छटा विणता येते. इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री हे शहर रेशमी फितींचे माहेरघर होते. १८६० च्या इंग्लंड-फ्रान्स व्यापारी कराराने फ्रेंच फितींवरील जकात उठल्यावर तेथील विणकर देशोधडीला लागले. त्या आपत्तीतून वाट काढण्यासाठी टॉमस स्टीव्हन्स या विणकर-उद्योजकाने १८६२ पासून पुस्तकात घालायच्या खुणेच्या चित्रमय फिती आणि नंतर चौकटीत लावायची रेशमी चित्रे विणून काढली. त्याच शहरातील ‘जे. अँड जे. कॅश’ या कंपनीने १९३४ च्या सुमारास ‘केन्सिटास’ सिगारेटीसाठी फुलांचे तुकडे विणले, आणि त्याच सिगारेटीबरोबर साम्राज्याचे व राष्ट्रांचे ध्वजही निघाले. कारागिरीच्या दृष्टीने केन्सिटासची फुले या संपूर्ण प्रकारातील सर्वांत देखणी मानावी लागतील. इतिहासाच्या दृष्टीने मात्र आधीच्या ओबडधोबड छापील ध्वजांपाशी सांगण्यासारखे कितीतरी अधिक आहे.

मानचिन्हांच्या तुकड्यांचे वाचन करण्यासाठी युरोपातील कुलचिन्हविद्येची, म्हणजे हेरल्ड्रीची, थोडी ओळख हवी. चिलखतामागे चेहरा झाकलेला योद्धा रणात ओळखू यावा म्हणून ढालीवर खूण रंगवण्याची रीत बाराव्या शतकात पडली, ती खूण वंशपरंपरेने चालू लागली, आणि एकाची खूण दुसऱ्याने घेऊ नये म्हणून नोंदणी करणारे अधिकारी नेमले गेले. इंग्लंडमधील ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ला तिसऱ्या रिचर्डने १४८४ मध्ये सनद दिली. पुढे शहरे, विद्यापीठे आणि व्यापारी संघही अशी चिन्हे धारण करू लागले. या विद्येत रंगांना स्वतःची जुनी फ्रेंच नावे आहेत : सोनेरी तो ‘ऑर’ आणि रुपेरी तो ‘आर्जेंट’, हे दोन ‘धातू’, तांबडा ‘ग्यूल्स’, निळा ‘ॲझ्यूर’, हिरवा ‘व्हर्ट’, काळा ‘सेबल’ आणि जांभळा ‘पर्प्यूर’ हे ‘वर्ण’. धातूवर धातू ठेवू नये आणि वर्णावर वर्ण ठेवू नये, हा तिचा पायाभूत नियम आहे. दुरून दिसण्यासाठी केलेला हा नियम काही शतकांनंतर दोन बोटे रुंदीच्या कापडावर अनपेक्षितपणे कामी आला. सोन्याविरुद्ध तांबडा किंवा रुप्याविरुद्ध निळा हा विरोध इतका ठसठशीत असतो की छपाई थोडी सरकली तरी चिन्ह ओळखू येते.

कॉव्हेन्ट्रीचेच चिन्ह उदाहरणादाखल घेता येईल. ढाल उभी दुभागलेली, एक अर्ध तांबडे आणि दुसरे हिरवे. त्या दोन्हींवर मिळून एक सोनेरी हत्ती उभा, आणि त्याच्या पाठीवर तटबंदी असलेला बुरूज. हत्ती सोन्याचा, पार्श्वभूमी वर्णाची, म्हणजे नियम पाळलेला आहे. ढालीवरच्या शिरस्त्राणावर रानमांजर बसलेले आहे, आणि नेमक्या भाषेत ‘क्रेस्ट’ म्हणतात ते या वरच्या रानमांजराला. संपूर्ण चिन्हाला ‘क्रेस्ट’ म्हणण्याची चूक मात्र सिगारेट कंपन्यांपासून संग्राहकांपर्यंत सर्वांनी केली आहे, आणि ती आता इतकी रूढ आहे की तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही. केवळ सूची वाचताना ती ध्यानात ठेवावी. हत्ती कधी पाहिलेलाच नाही अशा मध्ययुगीन कारागिरांच्या कल्पनेतून हा अंबारीऐवजी बुरूज वाहणारा प्राणी आला, आणि भारतीय डोळ्यांना त्याचे पाय व सोंड थोडी अनोळखी वाटतात.

शहरांची चिन्हे सिगारेटवाल्यांनी निवडली, याला आणखी एक ताजे कारण होते. रेल्वेमुळे समुद्रकाठच्या गावांना सुटीत जाणे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले होते, आणि गावाचे चिन्ह रंगवलेली चिनी मातीची छोटी भांडी आठवण म्हणून घरी आणण्याचा छंद ‘गॉस’ या कंपनीने इंग्लंडभर पसरवला होता. फडताळात ज्या गावाचे भांडे होते, त्याच गावाची ढाल आता उशीच्या अभ्र्यावर आली.

ध्वजांच्या तुकड्यांकडे वळल्यावर अभ्यासकाची दृष्टी बदलावी लागते. मानचिन्ह शतकानुशतके तसेच राहते. ध्वज मात्र राज्यक्रांतीबरोबर, तहाबरोबर, कधी केवळ एका नव्या प्रांताच्या भरतीमुळे बदलतो, आणि सिगारेट-सिल्कचा ऐन बहराचा काळ नेमका तो आहे ज्यात जगाचे ध्वज झपाट्याने बदलत होते. या तुकड्यांवर सहसा साल छापलेले नसते. तरीही ध्वज स्वतःच आपला काळ सांगतो. अमेरिकेच्या ध्वजावरील तारे मोजावेत : ओक्लाहोमा राज्य झाल्यानंतर ४ जुलै १९०८ पासून तारे ४६ झाले, आणि ते वरून खाली ८, ७, ८, ८, ७, ८ अशा सहा ओळींत बसवले गेले, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना आल्यावर ४ जुलै १९१२ पासून ४८ तारे आठ-आठांच्या सहा सरळ ओळींत मांडले गेले. म्हणून निळ्या चौकोनातील ओळींत तारे कमीजास्त भरत असतील, तर तो नमुना १९१२ पूर्वीचा असल्याचे मानण्यास भक्कम आधार मिळतो. चीनच्या नावाखाली पिवळ्या कापडावर निळा ड्रॅगन असेल तर ती मांचू राजवट, आणि तांबडा, पिवळा, निळा, पांढरा व काळा असे पाच आडवे पट्टे असतील तर ते १९१२ नंतरचे प्रजासत्ताक. पोर्तुगालचा निळा-पांढरा ध्वज राजेशाहीचा. १९१० च्या क्रांतीनंतर तो हिरवा-तांबडा झाला. गोव्यावर त्या काळी फडकणारा ध्वजही याच क्रमाने बदलला, ही गोष्ट मराठी व कोकणी वाचकाला वेगळी सांगायला नको. सयामच्या तांबड्या निशाणावरचा पांढरा हत्ती १९१७ साली गेला आणि त्याच्या जागी आजचे पट्टे आले. मॉन्टेनेग्रोचे राज्य १९१८ मध्ये नकाशावरूनच पुसले गेले.

असा एक पुरावा पुरेसा नसतो, कारण छापणाऱ्याकडे जुना दगड शिल्लक असेल तर तो बदललेला ध्वजही काही महिने जुन्याच रूपात छापत राही. परंतु एकाच मालिकेतील पाचसहा ध्वज एकत्र वाचले की काळाची चौकट आवळत जाते. पहिल्या महायुद्धातील ‘मित्रराष्ट्रांच्या ध्वजां’च्या मालिकांना तर ही कसोटी फार चपखल लागू पडते : इटली १९१५ मध्ये युद्धात उतरली, पोर्तुगाल आणि रुमानिया १९१६ मध्ये, अमेरिका १९१७ मध्ये, तेव्हा कोण मालिकेत आहे आणि कोण नाही, यावरून ती कोणत्या वर्षी निघाली याचा तर्क करता येतो. अमेरिकी तुकड्यांच्या कडेला बारीक अक्षरांत आढळणारा कारखान्याचा क्रमांक आणि कर-जिल्ह्याचे नाव हाही असाच उपयोगी दुवा आहे. करविषयक कायद्यासाठी छापलेला तो मजकूर आज माल कोठे तयार झाला हे सांगतो. १९११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्यूकची मक्तेदारी मोडल्यावर छाप वेगवेगळ्या कंपन्यांत वाटले गेले, त्यामुळे या क्रमांकांचे महत्त्व वाढते.

साम्राज्याच्या ध्वजांत हिंदुस्थानची ओळख त्या काळी ‘स्टार ऑफ इंडिया’ या चिन्हाने करून दिली जाई : मध्ये पाच टोकांचा तारा, भोवती ‘स्वर्गीय प्रकाश आमचा मार्गदर्शक’ अशा अर्थाचे इंग्रजी ब्रीद, आणि बाहेर किरणांचे वलय. हे मूळचे १८६१ साली स्थापन झालेल्या मानकऱ्यांच्या पदकाचे चिन्ह. ज्या देशात भगवा झेंडा, जरीपटका, मोर्चेल आणि छत्र यांची स्वतःची चिन्हभाषा नांदत होती, त्या देशाला एका पदकाने दर्शवले गेले. जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात संस्थानिकांना दिलेली मोठी रेशमी निशाणेही अशीच युरोपीय ढालीच्या साच्यात बसवली होती. बंगाल सनदी सेवेतील रॉबर्ट टेलर याने त्यांवरची चिन्हे रचली, आणि त्यांचा ग्रंथही पुढे प्रसिद्ध झाला. पाकिटातील तुकडा आणि दरबारातील निशाण यांत मोलाचे अंतर प्रचंड आहे, परंतु हिंदुस्थानाकडे पाहण्याची नजर एकच आहे.

संग्रहाची परंपरा सांगताना दोन नावे टाळता येत नाहीत. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथील जेफरसन बर्डिक याने तीन लाखांहून अधिक कार्डे व तत्सम वस्तू जमवल्या, सांध्यांच्या दुखण्याने हात वाकडे झाले असतानाही त्या स्वतः वह्यांत चिकटवल्या आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिल्या; हे काम १९६३ मध्ये, मृत्यूच्या थोडेच आधी, त्याने पुरे केले. रेशमी तुकड्यांना ‘एस’ आणि फ्लॅनेलांना ‘बी’ हे अक्षर देणारी त्याची सूचिपद्धती अमेरिकेत आजही चालते. ब्रिटनमध्ये एडवर्ड व्हार्टन-टायगर याचा सुमारे दहा लाख कार्डांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे गेला.

कार्डांच्या या थोर परंपरेने रेशमी तुकड्यांना सूची दिली, आणि तिच्याबरोबर एक घातक कसोटीही दिली. कार्ड जितके कोरे तितके मोलाचे, हा निकष कापडालाही लावला गेला. परिणामी कडेला सुईची भोके असलेला तुकडा ‘खराब’ ठरला, आणि शिवलेल्या रजया व अभ्रे उसवून त्यांतील तुकडे सुटे विकण्याची चाल पडली. उसवताना धागा कापडाला घेऊन येतो; त्यानंतर डाग घालवण्यासाठी तुकडा धुतला तर रंग सुटतो, आणि सुरकुती घालवण्यासाठी तापलेली इस्त्री फिरवली तर सॅटिनची झळाळी कायमची जाते. शिवाय त्या काळचे बरेचसे रेशीम वजनदार वाटावे म्हणून कथिलाच्या क्षारांत बुडवलेले असे, आणि असे रेशीम काळाने इतके ठिसूळ होते की घडीवर दाब पडताच चिरते. प्रखर उजेड टाळणे, आम्लरहित कागदात सपाट ठेवणे आणि पाठीला चिकटलेला कागद ओढून न काढणे, एवढी पथ्ये सांभाळली तरी पुष्कळ वाचते. परंतु या सर्वांहून मोठे पथ्य हे की शिवलेली वस्तू उसवू नये. बाजारात तिचे मोल कमी येत असेल. अभ्यासाला ती दहा कोऱ्या संचांहून अधिक देते.

शिवलेल्या अभ्र्यात ध्वज कोणत्या क्रमाने लावले आहेत, मधोमध कोणाला स्थान मिळाले आहे, एखादा ध्वज मिळाला नाही म्हणून त्याची जागा आधी लावलेल्याच दुसऱ्या ध्वजाने पुन्हा भरली आहे का, जोडावरचे हेरिंगबोनचे टाके एकाच हाताचे आहेत की अर्ध्यावर हात बदलला आहे, हे सारे त्या वस्तूतच वाचावे लागते आणि दुसऱ्या कोणत्याही कागदपत्रात ते नोंदलेले नसते. अस्तराची एखादी बाजू मुळातच सुटलेली असेल, तर तेथून जोडाच्या आत दुमडलेली कड पाहता येते. तेथे उजेड कधी पोचलेला नसल्याने रंग छापखान्यातून निघाल्यासारखे ताजे राहिलेले असतात, आणि त्याच दुमडीत, शिवणाऱ्या स्त्रीने ध्वजाच्या चौकटीबाहेर ठरवून आत सारलेले, सिगारेटीचे नाव असते.